ग्राफ ४० टक्के, तरी आवाज तुटतो: ऑप्टिकल लॅनमध्ये ट्रॅफिकचं शेड्युलिंग नेमकं कुठे होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पूर्ण इमारतीची लॅन जीपॉनवर (एकच फायबर स्प्लिटरने अनेकांत वाटणारं ऑप्टिकल नेटवर्क) आहे, ओएलटीच्या म्हणजे मुख्य टोकाच्या डब्याच्या एका पोर्टवर ३२ ओएनटी म्हणजे वापरणाऱ्यांकडचे डबे, त्यावर फोन, व्हिडिओ कॉल, कॅमेरे, वायफायचे ॲक्सेस पॉइंट आणि पीसीचे बॅकअप सगळं एकत्र चालतं. पॉन पोर्टचा ग्राफ ४० टक्क्यांच्या वर कधीच गेला नाही, फोनच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ चं, म्हणजे याला प्राधान्य द्या असं सांगणारं, मार्किंग केलेलं आहे, आणि तरी बॅकअप सुरू झाला की आवाज तुटतो. पुरवठादार म्हणतोय जास्त वेगाचं एक्सजीएस-पॉन घ्या. आधी शेड्युलिंगमध्ये काही करता येईल का?

करता येईल, आणि माझ्या मते तेच आधी करायला हवं. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी बँडविड्थ कमी पडत नाहीये, पॅकेट चुकीच्या ठिकाणी थांबतंय. ते कुठे थांबतंय हे कळलं की बाकीचं काम बरंचसं सेटिंगचं उरतं, म्हणून उत्तर थोडं लांबवतो, घाई असेल तर शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पॅरात टेस्ट कशी करायची ते आहे.

साध्या स्विचवर क्यू (पॅकेटची रांग) आणि लिंक दोन्ही एकाच डब्यात असतात. पोर्टवर पाच पॅकेट उभी आहेत, त्यातलं फोनचं आधी काढायचं, स्विचला सगळं दिसतं, तो काढतो, विषय संपला. पॉनमध्ये खाली येणाऱ्या दिशेलाही जवळपास असंच आहे, २.४८८ जीबीपीएस ओएलटीच्या हातात असतात, तो सगळ्यांना मिळून एकच प्रवाह सोडतो आणि प्रत्येक ओएनटी आपल्या जेम पोर्टचं (त्या प्रवाहातल्या आपल्या नावाच्या वाटेचं) तेवढं उचलतो. वर जाणाऱ्या दिशेला मात्र काम दोन तुकड्यांत विभागलंय. पॅकेट पडून असतात ओएनटीमध्ये, आणि कुणी कधी बोलायचं हे ठरवतो ओएलटी, ज्याला ती पॅकेट दिसतच नाहीत. स्प्लिटरमध्ये ना बफर ना अक्कल, दोन ओएनटी एकाच वेळी बोलले तर दोघांचाही प्रकाश एकमेकांत मिसळून डेटा वाया जातो, म्हणून १.२४४ जीबीपीएसची ती एकच वाट सगळ्यांनी वेळ वाटून वापरायची असते.

वेळेचा हिशोब १२५ मायक्रोसेकंदांच्या फ्रेमचा. वर जाणाऱ्या एका फ्रेममध्ये १९,४४० बाइट बसतात. ओएलटी खाली येणाऱ्या प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला बँडविड्थ मॅप पाठवतो, त्यात लिहिलेलं असतं की अमुक ॲलॉक-आयडीने अमुक बाइटपासून अमुक बाइटपर्यंत बोलायचं. आणि हा ॲलॉक-आयडी म्हणजे ओएनटी नाही, पोर्ट नाही, फोन तर नाहीच, तो असतो एक टी-कॉन्ट, म्हणजे ओएनटीमधल्या क्यूंचा एक गट ज्याला मिळून वेळ मिळतो. तुमचा सगळा प्रश्न याच वाक्यात अडकलाय असं मला वाटतं. ओएलटी वेळ देतो तो टी-कॉन्टला, त्या टी-कॉन्टच्या आत फोनचं पॅकेट पुढे आहे की बॅकअपचं, हे तो ठरवत नाही. ते ठरवतात ओएनटीमधले क्यू. म्हणजे शेड्युलर दोन आहेत, एक वर एक खाली, आणि तुमचं डीएससीपी मार्किंग या दोघांपैकी एकानेही वाचलं नाही तर पॅकेटवर ४६ लिहिलंय की ० याने काडीचाही फरक पडत नाही.

आता त्या ४० टक्क्यांच्या ग्राफबद्दल. मॉनिटरिंग बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांची सरासरी दाखवतं. पाच मिनिटांत १२५ मायक्रोसेकंदांच्या २४ लाख फ्रेम होतात, आणि त्या सगळ्यांचा मिळून तुमच्या ग्राफवर एक ठिपका. त्यातल्या काही हजार फ्रेम खचाखच भरल्या होत्या हे त्या ठिपक्यात कुठून दिसणार. पण मला शंका आहे की तुमच्याकडे भानगड याहून साधी आहे. बऱ्याच जागी ओएनटीला घरगुती इंटरनेट कनेक्शनसाठी बनवलेलं प्रोफाइल तसंच लावलेलं असतं, एक ओएनटी, एक टी-कॉन्ट, कमाल वेग समजा २० एमबीपीएस. अशा वेळी पॉन पोर्ट अर्धा रिकामा असतो आणि तो एक टी-कॉन्ट मात्र काठोकाठ भरलेला असतो. पीसी गिगाबिट पोर्टवरून बॅकअप ओततोय, ओएनटी तो २० च्या वेगाने वर सोडतोय, मधलं सगळं बफरमध्ये साचतंय. बफर एक एमबीचा धरला तर तो २० एमबीपीएसने रिकामा व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात. फोनचं पॅकेट त्याच क्यूमध्ये शेवटी जाऊन उभं राहिलं की जवळपास अर्धा सेकंद तिथेच गेला. जी.११४ या आयटीयूच्या शिफारशीत एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बोलण्याला चालतो असं धरलंय, आणि फोनचा जिटर बफर (पॅकेट येण्याच्या वेळेतला चढउतार सावरणारा साठा) तर त्याहूनही बराच लहान असतो. आवाज तुटणारच.

ग्रँटचा (बोलायची परवानगी मिळण्याचा) उशीर आणि क्यूचा उशीर यात गल्लत होते म्हणून दोन्हीचे आकडे शेजारी ठेवून बघा. डीबीएमध्ये, म्हणजे मागणीप्रमाणे वाटप करताना, ओएनटी आपल्या टी-कॉन्टमध्ये किती साठलंय ते वर कळवतो, ओएलटी हिशोब करतो, पुढच्या कुठल्यातरी मॅपमध्ये वेळ देतो. या सगळ्या फेरीला साधारण एक ते काही मिलिसेकंद लागतात, ओएलटी किती वेळाने विचारतो आणि त्याचं डीबीएचं चक्र किती मोठं आहे त्यावर ते अवलंबून. लक्षात घ्या, स्टँडर्डमध्ये रिपोर्ट कसा पाठवायचा आणि मॅप कसा लिहायचा हे दिलंय, वाटपाचा अल्गोरिदम मात्र बनवणाऱ्यावर सोडलाय, त्यामुळे दोन कंपन्यांचे ओएलटी एकाच सेटिंगला वेगळे वागतात. पण काही झालं तरी ग्रँटचा उशीर मिलिसेकंदांत आणि क्यूचा उशीर शेकडो मिलिसेकंदांत. लोक डीबीएचं चक्र दोनवरून एक मिलिसेकंद करण्यात दिवस घालवतात आणि समोर ४०० मिलिसेकंदांचा बफर तसाच उभा असतो, हे बघून खरंच वाईट वाटतं.

इमारतीतल्या लॅनला उपयोगी पडणारी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती फार कुणी बघत नाही. रेंजिंगमध्ये, म्हणजे अंतर मोजून जुळवताना, ओएलटी प्रत्येक ओएनटीला जास्तीचा उशीर लावून सगळ्यांना एकाच अंतरावर आणून ठेवतो, म्हणजे जवळचा आणि लांबचा दोघांचेही बिट आपापल्या ठरलेल्या जागीच पडावेत. डिफॉल्ट कमाल अंतर २० किलोमीटर असलं तर तुमचा दोनशे मीटरवरचा ओएनटी पण २० किलोमीटरवर असल्यासारखा उत्तर देतो, आणि फायबरमध्ये जाऊन-येऊन किलोमीटरला १० मायक्रोसेकंद धरले तर हे २०० मायक्रोसेकंद फुकट गेले. काही ओएलटींमध्ये हे कमाल अंतर कमी करता येतं. तुमच्या तक्रारीवरचा हा उपाय नाही, पण पुढे टायमिंगला नाजूक असं काही चालवणार असाल तर करून ठेवा.

आता टी-कॉन्टचे प्रकार. जी.९८४ या जीपॉनच्या स्टँडर्डमध्ये पाच आहेत. पहिल्यात फिक्स्ड बँडविड्थ, वापरा नाहीतर नका वापरू, प्रत्येक वेळी तेवढी जागा तुमच्या नावाने राखलेली. दुसऱ्यात अॅश्युअर्ड, म्हणजे मागितली की नक्की मिळणार, नाही मागितली तर दुसऱ्याला जाणार. तिसऱ्यात अॅश्युअर्ड आणि वर काही उरलं तर त्यातला वाटा (नॉन-अॅश्युअर्ड). चौथ्यात नुसतं उरलंसुरलं (बेस्ट एफर्ट). पाचव्यात सगळ्याची मिसळ. ओएलटी वाटप करताना आधी फिक्स्ड बाजूला काढतो, मग अॅश्युअर्ड, मग नॉन-अॅश्युअर्ड, आणि सगळ्यात शेवटी बेस्ट एफर्ट.

फोनला फिक्स्ड द्यावं असं मी म्हणेन, पण किती द्यायचं इथे लोक गडबड करतात म्हणून एक पॅकेट हातात घेऊन बघू. जी.७११ (आवाज डिजिटल करायची एक पद्धत) वापरणारा फोन दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट आवाज पाठवतो, त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपीचे ४० बाइट, इथरनेटचे १८ आणि व्हीलॅन टॅगचे (पॅकेट कुठल्या आभासी लॅनचं ते सांगणारी पट्टी) ४, झाले २२२ बाइट. सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे एका कॉलला एका दिशेने ८८.८ केबीपीएस. आता कुणी म्हणेल की मग एक एमबीपीएस फिक्स्ड दिलं तर दहा कॉल आरामात जातील. कागदावर तसं दिसतं. पण एक एमबीपीएस म्हणजे दर फ्रेमला १६ बाइट, त्यातले ५ जेम हेडरला गेले, उरले ११. आपलं २२२ बाइटचं पॅकेट ११-११ च्या तुकड्यांत कापून पाठवायला २१ फ्रेम लागतील, म्हणजे २.६ मिलिसेकंद, आणि त्यामागे दुसरं पॅकेट उभं असेल तर त्याला त्याच्या दुप्पट. त्याऐवजी दर फ्रेमला ६४ बाइट द्या, म्हणजे ४ एमबीपीएसच्या थोडं वर, तर हेडर जाऊन ५९ उरतात आणि तेच पॅकेट चार फ्रेममध्ये, अर्ध्या मिलिसेकंदात निघून जातं. ३२ ओएनटींना असं दिलं तर प्रत्येक फ्रेममधले २,०४८ बाइट राखीव झाले, साधारण साडेदहा टक्के. हे साडेदहा टक्के तुम्ही बँडविड्थसाठी देत नाही आहात, वेळेसाठी देताय, आणि तुमचा पोर्ट बऱ्यापैकी मोकळा आहे त्यामुळे ते परवडतं. फिक्स्डचा दुसरा फायदा म्हणजे रिपोर्ट पाठवा आणि ग्रँटची वाट बघा ही फेरीच उरत नाही.

प्रत्येक बर्स्टला, म्हणजे ओएनटीच्या एका वेळच्या बोलण्याला, ओव्हरहेड लागतो तोही मोजा. गार्ड टाइम (मधली रिकामी जागा), प्रिअँबल आणि डिलिमिटर (सुरुवात ओळखायच्या खुणा) मिळून ९६ बिट, त्यावर तीन बाइटचं हेडर, म्हणजे बर्स्टमागे १५ बाइट. ३२ ओएनटी एकाच फ्रेममध्ये बोलले तर ४८० बाइट, अडीच टक्क्यांच्या आसपास. एकाच ओएनटीचे दोन-तीन टी-कॉन्ट लागोपाठ आले तर पुन्हा प्रिअँबल लागत नाही, त्यामुळे टी-कॉन्ट वाढवले की ओव्हरहेड बेसुमार वाढेल ही भीती फारशी खरी नाही. खाली येणाऱ्या मॅपमध्ये प्रत्येक वाटपाला ८ बाइट लागतात, ३२ ओएनटींचे चार-चार टी-कॉन्ट धरले तरी १,०२४ बाइट, आणि खालची फ्रेम ३८,८८० बाइटची आहे.

तर मी तुमच्या जागी प्रत्येक ओएनटीवर चार टी-कॉन्ट करेन. आवाज आणि कॉलचं सिग्नलिंग पहिल्या प्रकारात, वर सांगितलं तसं. व्हिडिओ कॉल तिसऱ्या प्रकारात, अॅश्युअर्ड समजा १० एमबीपीएस आणि कमाल त्याच्या काही पट. कॅमेरे वेगळ्या टी-कॉन्टमध्ये, तोही तिसऱ्या प्रकारचाच, तो फक्त ज्या ओएनटीवर कॅमेरे आहेत तिथेच लागेल. बाकी सगळा डेटा, बॅकअप धरून, चौथ्या प्रकारात. बेरीज करून बघा, फिक्स्डचे १३१ आणि व्हिडिओच्या अॅश्युअर्डचे ३२० मिळून ४५१ एमबीपीएस, कॅमेऱ्यांचं वर धरलं तरी १,२४४ पासून लांब आहोत. फिक्स्ड आणि अॅश्युअर्डची बेरीज पोर्टच्या आत ठेवणं हा एक नियम कधी मोडू नका. चांगला ओएलटी तुम्हाला मोडू देतही नाही, पण काही देतात, आणि मग अॅश्युअर्ड हा शब्द कागदावरच राहतो.

डेटाच्या टी-कॉन्टला कमाल किती द्यायचं यावर लोकांची मतं वेगळी आहेत. माझं मत, भरपूर द्या. वर सांगितलेला २० एमबीपीएसचा जाच इथूनच येतो. पोर्ट रिकामा असताना बॅकअपला ३००-४०० एमबीपीएस मिळाले तर तो लवकर संपतो आणि क्यूच रिकामा होतो, आणि पोर्ट भरला की चौथा प्रकार आपोआप मागे सरतो, त्याच्यासाठीच तो आहे. फक्त एका ओएनटीने पूर्ण पोर्ट गिळू नये इतपत टोपी ठेवा.

आणि बफर. डेटाच्या क्यूचा बफर मोठा ठेवला की पॅकेट हरवत नाहीत म्हणून बरं वाटतं, पण टीसीपीला थोडी पॅकेट हरवलेली कळली तरच तो वेग आवरतो. लॅनमध्ये जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद आणि २०० एमबीपीएसचा वेग धरला तर पाइप भरायला १२५ केबी पुरतात. त्याच्या दीड-दोन पट ठेवा. एमबीच्या घरातला बफर फक्त उशीर साठवून ठेवतो, आणि याचा त्रास एकट्या फोनला नाही, त्याच ओएनटीवरचं डाउनलोडपण मंदावतं, कारण डाउनलोडचे ॲक (मिळाल्याची पोच) वर जाताना त्याच डेटाच्या क्यूमध्ये अडकतात. लोक मग खाली येणारा वेग तपासत बसतात आणि तिथे काहीच सापडत नाही.

टी-कॉन्ट केले, आता पॅकेट त्यात जायला हवीत. तुमचं डीएससीपी ४६ कुठे हरवतंय याचा माझा अंदाज असा. ओएनटी वर्गवारी बहुतेक वेळा व्हीलॅन टॅगमधल्या तीन प्रायॉरिटी बिटांवरून करतो, डीएससीपीवरून नाही. फोन टॅग न लावता पाठवत असेल आणि टॅग ओएनटी लावत असेल, तर त्या टॅगमध्ये प्रायॉरिटी डिफॉल्टने ० जाते, आणि ४६ लिहिलेलं पॅकेट बॅकअपच्याच क्यूमध्ये जाऊन बसतं. ओएमसीआयमध्ये, म्हणजे ओएलटी ज्यातून ओएनटीचं सेटिंग करतो त्यात, डीएससीपीवरून प्रायॉरिटी बिट ठरवायची सोय आहे, ती प्रोफाइलमध्ये चालू करावी लागते. ४६ चे वरचे तीन बिट म्हणजे ५, त्यामुळे ५ ला फोनच्या जेम पोर्टशी आणि तो जेम पोर्ट पहिल्या टी-कॉन्टशी जोडा. ही साखळी एकेक कडी तपासा, डीएससीपी ते प्रायॉरिटी, प्रायॉरिटी ते जेम पोर्ट, जेम पोर्ट ते टी-कॉन्ट. एक कडी सुटली तरी वरचं सगळं नीट दिसत राहतं आणि आवाज तुटत राहतो.

ॲक्सेस पॉइंटवरून कॉल करत असाल तर आणखी एक खाच आहे. वायफायमध्ये प्रायॉरिटी ५ ही व्हिडिओच्या वर्गात पडते, आवाजाचा वर्ग ६ आणि ७ चा. नुसते वरचे तीन बिट उचलले तर आवाजाचं पॅकेट हवेत व्हिडिओबरोबर लढतं. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या स्टँडर्डमध्ये ४६ ला वायफायमध्ये ६ द्या असंच सांगितलंय. ॲक्सेस पॉइंटवर ते करा, पण वायरवर ५ च ठेवा.

आणि विश्वास कुणावर ठेवायचा हे ठरवा. एका ठिकाणी मी बघितलं होतं की कॅमेरे बसवणाऱ्यांनी सगळ्या कॅमेऱ्यांना प्रायॉरिटी ५ देऊन ठेवली होती, हेतू चांगलाच होता, चित्र अडकू नये म्हणून. पण कॅमेऱ्याचा ट्रॅफिक एकसारखा वाहत नाही. सरासरी चार एमबीपीएसचा कॅमेरा आय-फ्रेमच्या (पूर्ण चित्राच्या) क्षणी एकदम १५० केबी ओतू शकतो, त्याचा १०० एमबीपीएसचा पोर्ट ते १२ मिलिसेकंदांत ओएनटीत आणून टाकतो, आणि वीज जाऊन आली की सगळे कॅमेरे एकत्रच सुरू होतात त्यामुळे त्यांच्या आय-फ्रेमपण एकाच वेळी पडायला लागतात. फोनसाठी राखलेल्या ४ एमबीपीएसमध्ये ते १५० केबी रिकामे व्हायला ३०० मिलिसेकंद लागतात. तिथे आवाज दर दोन-चार सेकंदांनी ठरलेल्या तालात तुटायचा, आणि तो ताल कॅमेऱ्याच्या आय-फ्रेमचा होता. प्रायॉरिटी ५ फक्त फोनच्या व्हीलॅनवरून मान्य करा, बाकी पोर्टवर जे काही लिहून येईल ते पुसून आपलं लावा. आणि फोनच्या क्यूला स्ट्रिक्ट प्रायॉरिटी (कायम त्यालाच आधी सोडणं) देताना वरती मर्यादा पण लावा, नाहीतर एखादा बिघडलेला फोन किंवा लूप बाकी सगळ्यांना उपाशी ठेवेल. व्हिडिओ आणि डेटा एकाच टी-कॉन्टमध्ये ठेवायची वेळ आलीच तर त्यांच्यात वजनाने वाटप करा, स्ट्रिक्ट नको.

एकाच टी-कॉन्टमध्ये दोन वर्ग ठेवायचा एक छुपा तोटा आहे, तो समजायला ईपॉनकडे, म्हणजे इथरनेटवर चालणाऱ्या पॉनकडे, बघावं लागतं. त्याच्या २००४ च्या ८०२.३एएच या स्टँडर्डमध्ये ओएनटी रिपोर्ट मेसेज पाठवतो आणि ओएलटी गेट मेसेजने उत्तर देतो, वेळ १६ नॅनोसेकंदांच्या एककात मोजतात. त्यासाठी क्रेमर, मुखर्जी आणि पेसावेंतो यांनी २००२ मध्ये इपॅक्ट नावाची पद्धत मांडली, एकाची उत्तरं येत असतानाच पुढच्याला विचारून ठेवायचं, म्हणजे लाइन रिकामी राहत नाही. आणि त्याच वर्षी क्रेमर आणि सहकाऱ्यांनी एक विचित्र गोष्ट दाखवली, लोड कमी असताना खालच्या वर्गाचा उशीर वाढतो. कारण असं की ओएनटी रिपोर्ट देतो डेटाच्या पॅकेटचा, ग्रँट येईपर्यंत मध्येच वरच्या वर्गाचं पॅकेट येतं, स्ट्रिक्ट प्रायॉरिटीमुळे ते आधी घुसतं, आणि ज्याच्यासाठी जागा मागितली होती ते मागे राहतं. ईपॉनमध्ये इथरनेट फ्रेम कापता येत नाही त्यामुळे उरलेल्या अर्धवट जागेत ते बसतही नाही, ती जागा वाया. जीपॉनमध्ये तुकडे करता येतात म्हणून वाया जाणं टळतं, पण जागा पळवली जाणं तिथेही होतंच, कारण जीपॉनचा रिपोर्ट टी-कॉन्टच्या एकूण साठ्याचा असतो, आतल्या क्यूंचा वेगवेगळा नसतो. म्हणून मी वेगळ्या टी-कॉन्टचा आग्रह धरतोय.

जाता जाता, हा विचार पॉनच्या कितीतरी आधीचा आहे. १०० एमबीपीएसची एफडीडीआय रिंग (फायबरची जुनी गोल लॅन) आठवत असेल तर तिथे टोकन (बोलायची पाळी) फिरायला किती वेळ लागावा ते आधी ठरवायचे, सिंक्रोनस ट्रॅफिकला प्रत्येक फेरीत आपला वाटा नक्की, आणि बाकीच्यांनी टोकन लवकर आलं तरच बोलायचं. त्यामुळे टोकन ठरलेल्या वेळेच्या दुप्पटीपेक्षा जास्त कधीच उशिरा येत नाही हे गणिताने सिद्ध करता यायचं. अशी पक्की हमी मला आजही आवडते. फिक्स्ड टी-कॉन्ट त्याच कुळातला.

खाली येणाऱ्या दिशेबद्दल फार नाही लिहीत. ओएलटीचा अपलिंक १० जीबीपीएसचा आणि पॉन २.४८८ चा असेल तर साठा ओएलटीत होतो, तिथेही फोनला वेगळा क्यू आणि स्ट्रिक्ट प्रायॉरिटी लावा, तेवढं पुरतं. एक लक्षात ठेवा, एकाच स्प्लिटरखालचे दोन पीसी एकमेकांना फाइल पाठवतात तेव्हा ती सरळ जात नाही, ओएलटीपर्यंत वर जाऊन परत खाली येते, दोन्ही दिशा खाते. बॅकअपचा सर्व्हर कुठल्यातरी ओएनटीमागे असेल तर त्याला तिथून काढून ओएलटीच्या वरच्या स्विचवर न्या. हे एक केलं तरी बराच भार उतरतो.

आता टेस्ट. काही बदलायच्या आधी, बॅकअप चालू असताना त्याच ओएनटीवरच्या लिनक्स पीसीवरून गेटवेला दोन पिंग लावा, एक साधा आणि एक टीओएस १८४ देऊन, ४६ चं ते रूप. दोन्ही एकसारखे ३००-४०० मिलिसेकंदांवर गेले तर मार्किंग कुणी वाचतच नाहीये आणि बफर मोठा आहे. साधा वर गेला आणि १८४ वाला दोन-तीन मिलिसेकंदांवर राहिला तर ओएनटी नीट आहे, तक्रार पुढे कुठेतरी शोधा. आणि दोन्हीत वेळ वाढत नाही पण पॅकेट हरवतात, तर कुठेतरी पोलिसर (मर्यादेवरची पॅकेट टाकून देणारा) बसलाय. वर लिहिलं तसं प्रायॉरिटी फक्त फोनच्या व्हीलॅनवरून मान्य केल्यावर ही टेस्ट त्या व्हीलॅनमधूनच करावी लागेल हे विसरू नका. पिंगबरोबर ओएनटीच्या क्यूचे ड्रॉप काउंटर आणि ओएलटी दाखवत असेल तर टी-कॉन्टने मागितलेलं आणि मिळालेलं दोन्ही लिहून ठेवा, पाच मिनिटांची सरासरी नको, जितक्या लहान अंतराने मिळेल तितकं.

मग एकाच ओएनटीवर बदल करा, बाकी ३१ तसेच ठेवा, आणि मुद्दाम बॅकअप चालवून कॉल लावा. सरासरी जिटर बघू नका, सगळ्यात वाईट किती गेला ते बघा. फोनच्या क्यूमध्ये एक जरी ड्रॉप दिसला तर बहुधा मर्यादा घट्ट झालीय किंवा भलताच कुणी त्या क्यूमध्ये शिरलाय, आधी दुसरं तपासा. डेटाच्या क्यूमध्ये थोडे ड्रॉप दिसतील, ते दिसायलाच हवेत.

एक्सजीएस-पॉनबद्दल. जी.९८०७.१ चं ते स्टँडर्ड २०१६ चं आहे, दोन्ही दिशांना १० जीबीपीएसच्या जवळ, आणि वेगळ्या वेव्हलेंथवर चालतं म्हणून त्याच फायबरवर जीपॉनबरोबर नांदू शकतं, चांगली गोष्ट आहे. पण फ्रेम तिथेही १२५ मायक्रोसेकंदांचीच, फक्त वरच्या दिशेला १९,४४० ऐवजी १,५५,५२० बाइटची. रिपोर्ट आणि ग्रँटची फेरी तशीच, ओएनटीत एकच क्यू ठेवला तर तोही तसाच भरणार, आणि जुनं २० एमबीपीएसचं प्रोफाइल नव्या बॉक्सवर चढवलं तर आवाज जसाच्या तसा तुटेल. वायफाय ॲक्सेस पॉइंट वाढवणार असाल किंवा वरची टेस्ट केल्यावर अॅश्युअर्डची बेरीज खरोखर पोर्टला भिडत असेल तर घ्या, तेव्हा ते पैसे सत्कारणी लागतील. आत्ता आधी प्रोफाइलमध्ये कमाल वेग काय लिहिलाय ते बघा आणि तो आकडा इथे टाका, त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.